सदतीस नंबरचा बिल्ला आणि हिरवी टिक

मी एक जुना पितळी बिल्ला आहे. माझ्या पोटावर ३७ हा आकडा ठोकलेला आहे, वरच्या कडेला एक भोक आहे आणि पाठीवर 'सागरवेल सहकारी बँक' अशी अक्षरे आहेत. त्यातले 'वेल' आता बोटांनी घासून घासून दिसेनासे झाले आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी माझ्यासारखा बिल्ला पाहिलाही नसेल. म्हणून मी काय काम करत होतो ते आधी नीट सांगतो. ते कळले नाही, तर माझा संशय तुम्हाला म्हाताऱ्याची कुरकुर वाटेल.

कुडाळच्या एका कासाराने आम्हा शंभर जणांना एकाच पत्र्यातून कापले, कानशीने कडा गुळगुळीत केल्या आणि एकेकावर आकडा ठोकला. तिथून आम्ही मालवणच्या दक्षिणेला किनाऱ्यावरच्या एका लहान शाखेत आलो. बँकेतून पैसे काढायचे तर माणूस खिडकीत चिठ्ठी देई. कारकून चिठ्ठी घेई आणि बदल्यात बिल्ला देई. ही पहिली पायरी. चिठ्ठी मग आत साहेबांकडे जाई. सही जुळते का, खात्यात शिल्लक आहे का, हे पाहून ते तिच्यावर सही करत. ही दुसरी. शेवटी रोखपाल नंबर पुकारी, माणूस बिल्ला परत करी आणि पैसे घेई. ही तिसरी.

म्हणजे मी तुमच्या हातात असणे याचा अर्थ एवढाच होता, की काम घेतले आहे, झालेले नाही. ज्या क्षणी काम झाले, त्या क्षणी मी तुमच्या हातात नसे.

हे सगळ्यांना पाठ होते. एकदाच किनाऱ्यावर जाळे ओढणाऱ्या भिकाजी नावाच्या रापणकराला घाई झाली. तो मला मुठीत घेऊन समोरच्या वाण्याकडे गेला आणि म्हणाला, "ह्यो ठेव, तांदूळ दी, पैशे मागसून." वाण्याने मला उलटसुलट करून पाहिले. "भिकाजी, ह्या पितळेक मीठ लावन खाव काय मी? पैशे घेवन ये." दुकानातली माणसे हसली, भिकाजीही हसला आणि मुकाट्याने बँकेच्या बाकावर येऊन बसला.

माझी दुसरी खासियत अशी, की मी एका वेळी एकाच ठिकाणी असतो. संध्याकाळी रोखपाल आम्हाला लाकडी खाचांत ओळीने लावत असे. शंभरपैकी नव्याण्णव भरले तर कोणी घरी जात नसे. एकदा बासष्ट नंबर एका आजोबांच्या छत्रीत सापडला, तेव्हा साडेसात वाजले होते. दसऱ्याला आम्हाला आमसुलाच्या पाण्याने घासत. लोक म्हणत, या बँकेचे बिल्ले सोन्यासारखे आहेत. खोटे कशाला सांगू, ते ऐकून मला बरे वाटे.

मग खिडकीवर नंबर दाखवणारी लाल दिव्यांची पाटी आली आणि आमचे काम संपले. आम्ही तीन वर्षे एका डब्यात पडून राहिलो. पुढे आम्हाला वजनावर मोडीत काढायचे ठरले. रोखपाल काशिनाथ यांनी मला बाजूला ठेवले, माझ्या वजनाच्या पितळेचे पैसे मोडीच्या पैशांत टाकले आणि माझ्या भोकात आपल्या किल्ल्या अडकवल्या. त्या दिवसापासून मी दिवसभर त्यांच्या टेबलावर असतो आणि बाकी वेळ त्यांच्या खिशात.

दोन वर्षांपूर्वी सावंतवाडीच्या मुख्य कार्यालयातून यज्ञेश नावाचा तरुण अधिकारी आला. त्याने काशिनाथांच्या टेबलावर फोन ठेवला आणि बँकेचे नवे ॲप दाखवले. पैसे पाठवा, अशी खूण दाबली की 'टिंग' असा आवाज होई, रंगीत कागदाचे तुकडे उडाल्यासारखे दिसत आणि मधोमध मोठी हिरवी टिक येई. तिच्याखाली अगदी बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलेले होते. काशिनाथांनी चष्मा कपाळावर चढवला आणि फोन नाकाजवळ नेऊन वाचले, "विनंती नोंदवली आहे." मग विचारले, "पैसे कधी जातात?"

"तुम्ही पाठवाल तेव्हा," यज्ञेश म्हणाला. "दिवसातून तीनदा तुमच्या मोबाइलवर यादी येईल. साडेअकरा, अडीच, पाच. ती आपल्या जुन्या संगणकात भरायची."

"हाताने?"

"सध्या हाताने. आतली यंत्रणा पुढच्या वर्षी बदलू."

"म्हणजे दार आधी, घर मागाहून."

"सर, सगळ्या मोठ्या ॲपना टिक आहे. आपल्याला नको?"

"त्यांची टिक पैसे पोचल्यावर येते."

"गिऱ्हाइकाला तो फरक दिसत नाही," यज्ञेश म्हणाला. तो वाईट मुलगा नव्हता. त्याने सोबत आणलेले परिपत्रक काशिनाथांसमोर ठेवताना तो जरा खाली बघत होता. त्यात लिहिले होते, की ग्राहकाने विचारल्यास प्रणाली स्वयंचलित आहे असे सांगावे आणि व्यवहार पोचला नाही, तर तो ग्राहकाकडून पूर्ण झाला नसावा असे सांगावे.

तेव्हापासून माझा संशय सुरू झाला. टेबलावर पडल्या पडल्या मी निरीक्षण करू लागलो. खिडकीपाशी कोणीतरी सव्वाअकराला 'टिंग' वाजवे आणि त्याचे नाव काशिनाथ बारा वाजून दहा मिनिटांनी संगणकात भरत. एखादा पावणेबाराला वाजवे, त्याचे नाव तीनच्या पुढे भरले जाई. मी शंभरएक वेळा तरी हे पाहिले असेल. एकदाही टिक आणि पैसे बरोबर निघाले नाहीत. ही टिक पहिल्या पायरीवर उभी होती आणि कपडे मात्र तिसऱ्या पायरीचे घालून आली होती. मीसुद्धा पहिल्या पायरीचाच. पण मी कधी पैसे असल्याचे सोंग केले नाही. आणि भिकाजीला हसणारे गाव या टिकेला हसत नव्हते.

ॲपमध्ये एक मदतनीसही होती. तिचे नाव वेला. 'नमस्कार, मी वेला, चोवीस तास तुमच्या सेवेत.' तिला काही लिहून विचारले की उत्तर येई. ते उत्तर कोण लिहीत असे, हे तुम्ही ओळखले असेलच. वेला एक ते दोन या वेळेत कधी बोलत नसे आणि संध्याकाळी सहानंतर तर अजिबातच नाही.

हे पहिल्यांदा चंद्रावतीच्या लक्षात आले. चंद्रावती आमच्या शाखेची जुनी खातेदार. सकाळी पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, रापणीच्या लिलावात मासळी घ्यायची आणि मालवणातल्या दोन खाणावळींना पोचवायची, हा तिचा बावीस वर्षांचा धंदा. एक दिवस तिने वेलाला काहीतरी विचारले, तासाभराने उत्तर आले. त्यावर तिने लिहिले, "जेवलंस काय गो वेला?"

काशिनाथ नुकतेच डबा धुऊन बसले होते. त्यांनी विचार न करता लिहिले, "होय. कुळथाची पिठी आणि भात."

गावभर हसू झाले. मुख्य कार्यालयातून फोन आला, वेलाने खाण्यापिण्याबद्दल बोलू नये. पण चंद्रावतीने त्यावरून पुढचे काही ओळखले नाही. तिला वाटले, यंत्राला कोणीतरी गमतीने तसे शिकवले असेल. तिने काशिनाथांना विचारलेसुद्धा. काशिनाथ म्हणाले, "प्रणाली स्वयंचलित आहे." ते बोलताना त्यांनी मला मुठीत इतके घट्ट धरले, की माझ्या कडेचा वळ त्यांच्या तळव्यावर उठला.

आता त्या दिवसाचे सांगतो. ऑक्टोबर महिना होता. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे. ते ओढायला आमच्या गावात अडतीस माणसे लागतात. सकाळी मासळीचा लिलाव होतो आणि संध्याकाळी आलेल्या पैशांची त्या अडतीस जणांत वाटणी होते. लिलाव बोलतो तो गुणाजी. वाटणीची वहीही त्याच्याचकडे. त्यांचा एकच नियम आहे. सकाळी मासळी उचलणाऱ्याने वाटणीपर्यंत पैसे पोचवायचे. नाही पोचवले, तर दुसऱ्या दिवशी त्याने लिलावात उभे राहायचे नाही.

त्या सकाळी बांगडा भरपूर लागला होता आणि चंद्रावतीने त्यातला मोठा वाटा घेतला. अठरा हजार चारशे रुपये. खाणावळींनी पैसे दिल्यावर दुपारी दोन वाजता तिने ॲपवरून ते रापणीच्या खात्यात पाठवले. टिंग. हिरवी टिक.

पण शाखेला मुख्य कार्यालयाशी जोडणारी लाइन पावणेदोनपासून बंद होती. जुना संगणक नुसता उघडा होता, त्यात काही भरता येत नव्हते. अडीचची यादी काशिनाथांच्या मोबाइलवर वेळेवर आली. चौथे नाव चंद्रावतीचे. त्यांनी ते वाचले, हे मी पाहिले. त्यांनी यज्ञेशला फोन लावला.

"लाइन बंद आहे. ॲपवरची टिकही बंद करा."

"सर, टिक बंद केली तर लोकांना वाटेल ॲप बिघडलंय."

"बिघडलेलंच आहे."

"उद्या सकाळी भरा ना. एका रात्रीचा तर प्रश्न."

काशिनाथांनी फोन ठेवला. मग खिडकीत कोणी आले आणि ते त्याला अर्ज द्यायला उठले. साडेपाचला शाखा बंद करून ते पुळणीकडे निघाले. संध्याकाळी दुसऱ्यांदा जाळे ओढले होते, ताजा बांगडा मिळेल, असे कोणीतरी त्यांना सांगितले होते. मी त्यांच्या बोटात फिरत होतो.

पुळणीवर गुणाजी होडीच्या काठावर वही घेऊन बसला होता. भोवती रापणकर उभे होते. समोर चंद्रावती, कमरेवर रिकामी टोपली.

"तुजे पैशे येवक नाय गो," गुणाजी म्हणाला.

"कशे नाय? दोनाक पाठवलंय. ही बघ टिक."

"टिक तुज्या फोनात आसा. पैशे माज्या फोनात येवक होये."

मागून अजय नावाचा तरणा रापणकर बोलला, "गेल्या म्हयन्यात त्या पर्यटकान पण अशीच टिक दाखवलेली. सुरमय घेवन गेलो तो गेलोच."

"अजय, मी पर्यटक काय रे?" चंद्रावती वळली. "तू जल्मलंस तेव्हा तुज्या बाळंतीण आवशीक मोरी मासो कोणी आणून दिलेलो, ता घराक जावन इचार."

दोघे-तिघे हसले. गुणाजी हसला नाही. त्याने वहीच्या त्या ओळीवर बोट ठेवले होते.

"माका तुज्याशी भांडाचा नाय, चंद्रावती. नियम तुका ठावक आसा. वाटणीपर्यंत पैशे नाय, तर उद्या उभ्या रवाचा नाय. माज्या भयणीक पण तोच नियम."

"बावीस वर्सां एक दीस चुकाक नाय मी."

"म्हणान तर वाईट वाटता."

मित्रांनो, बाहेरच्या माणसाला वाटेल, एका दिवसाचा लिलाव चुकला तर काय बिघडले. पण खाणावळीत एक दिवस टोपली पोचली नाही, तर तिथला माणूस दुसऱ्या बाईला सांगतो आणि तीच मग रोज येऊ लागते. त्याहून वाईट दुसरेच होते. खोटी टिक दाखवणारी बाई, हे नाव एकदा पडले की ते पुसायला आमसुलाचे पाणी नाही. चंद्रावतीच्या शेजारी उभी असलेली एक बाई आपली टोपली उचलून हळूच चार पावले पलीकडे जाऊन उभी राहिली. चंद्रावतीने ते पाहिले.

मी काशिनाथांच्या बोटात फिरायचा थांबलो.

"गुणाजी," ते म्हणाले, "आज बँकेची लाइन बंद आसा."

"सायब, लाइन बंद तर टिक खंयसून इली?"

मला तो प्रश्न फार आवडला. टिक आल्यापासून तो कोणी विचारला नव्हता. पण त्याचे उत्तर परिपत्रकात तयार होते. व्यवहार ग्राहकाकडून पूर्ण झाला नसावा. एवढे एक वाक्य बोलले असते, तर काशिनाथांची नोकरी, बँकेचे नाव आणि ती टिक, तिन्ही सुरक्षित राहिली असती. चूक चंद्रावतीच्या बोटाची ठरली असती. अडतीस माणसांनी त्यावर विश्वास ठेवला असता, कारण काशिनाथ बँकेचे होते.

"टिक ॲपाची," काशिनाथ सावकाश म्हणाले. "विनंती मिळाली काय ती लगेच येता. पैशे ती पाठवणा नाय."

"मगे कोण पाठवता?"

"मी. यादी येता, ती मी एकेक करून हातान भरतंय. चंद्रावतीची विनंती माज्या यादीत आसा. मी पाठवक नाय."

मग अजयने विचारले, "म्हणजे ती वेला..."

"ती पण मीच."

"कुळथाची पिठी तुमी खाल्लेली?"

"होय रे."

या वेळी सगळेच हसले, गुणाजीसुद्धा. चंद्रावती हसली नाही. तिने टोपली खाली ठेवली.

"काशिनाथभाऊ, तुमका दुपारीच ठावक होता?"

"होय."

"माजो नंबर आसा तुमच्याकडे."

"आसा."

"मगे एक फोन?"

या प्रश्नासाठी परिपत्रकात वाक्य नव्हते.

गुणाजीने वही मिटली. "आज वाटणी नाय. पैशे उद्या इल्यार करुया. चंद्रावती उद्या उभी रवतली." अडतीस माणसे रिकाम्या हातांनी घरी गेली. कोणाला गॅसची टाकी आणायची होती, कोणाला पोरीची फी भरायची होती. त्यांची कुरकुर आमच्या मागे रस्त्यापर्यंत आली. त्या दिवशी काशिनाथांनी बांगडा घेतलाच नाही.

दुसऱ्या दिवशी लाइन सुरू झाली. काशिनाथांनी सगळ्यात आधी तेच नाव भरले आणि दहा वाजून बारा मिनिटांनी पैसे पोचले. चार दिवसांनी मुख्य कार्यालयाचे पत्र आले. बँकेची अंतर्गत कार्यपद्धती सार्वजनिक ठिकाणी उघड केल्याबद्दल काशिनाथांची एक वर्षाची वेतनवाढ रोखण्यात येत होती. टिक बदलली का, असे तुम्ही विचाराल. बदलली नाही. तिचा आवाज मात्र पूर्वीपेक्षा मोठा केला आहे. बारीक अक्षरे होती तेवढीच बारीक आहेत.

काशिनाथांनी आपल्या खिडकीवर हाताने लिहून एक कागद चिकटवला. 'हिरवी टिक म्हणजे विनंती मिळाली. पैसे पाठवल्यावर मी स्वतः फोन करीन.' तपासणीला आलेल्या माणसांनी तो दोनदा काढला. सध्या तिसरा कागद आहे. यादी भरून झाली की ते एकेकाला फोन लावतात आणि माझ्याशी चाळा करत सांगतात, "आता गेले." या कामात त्यांचा रोज एक तास जादा जातो. यज्ञेश फोनवर म्हणतो, आतली यंत्रणा पुढच्या वर्षी नक्की. गेल्या वर्षीही तो हेच म्हणाला होता, म्हणून मी ते खरे किंवा खोटे न धरता नुसते लक्षात ठेवले आहे.

मित्रांनो, मी नव्या वस्तूंचा शत्रू नाही. ज्या ॲपमध्ये टिक आणि पैसे खरोखर बरोबर निघतात, त्याच्यापुढे मी मान लववीन. माझे काम त्याने माझ्यापेक्षा चांगले केले आहे. माझा संशय फक्त त्यांच्यावर आहे, ज्यांनी त्याचा रंग आणि आवाज उचलला आणि काम उचलले नाही. म्हणून तुम्हाला एवढेच मागतो. कोणतीही खूण दिसली की विचारा, काम झाले आहे की नुसते घेतले आहे? आणि 'झाले' हा शब्द तुम्ही स्वतः वापराल, तेव्हा तो जपून वापरा. पितळ घासले की उजळते. त्या शब्दाचे तसे नाही.

हे मला कसे कळले, ते सांगतो. काशिनाथ रोज सकाळी बँकेत जाण्याआधी लिलावाला थांबतात. चंद्रावती पूर्वीसारखीच टोपली घेऊन उभी असते आणि पूर्वीसारखीच बोली लावते. पूर्वी तिची बोली वरची ठरली की गुणाजी लगेच म्हणे, "दिलो." आता तो आधी तिच्याकडे बघतो, अर्धा श्वास थांबतो आणि मग म्हणतो. त्याच्या मनात काही नाही. तो थांबतो हे बहुधा त्यालाही माहीत नसेल. चंद्रावतीला माहीत आहे. तेवढ्या वेळात ती टोपलीची कड घट्ट धरते.

मी रोज मोजतो. तो अर्धा श्वास कमी होतो आहे, पण फार हळू.